वाळूचे प्रवासी

अजनीच्या यार्डात आठ वाजताच
रुळाला चिकटवलेला तापमापक पंचेचाळीस दाखवतो.
मे महिना. सूर्य अजून मालगाडीच्या आडच आहे.

आज एक डबा पळवून बघायचा.
ताशी एकशे ऐंशी, सेवाग्रामपर्यंत.
वायरी सांभाळणारे आम्ही पाच जण सोडले
तर आत माणूस नाही.
माणसांच्या जागी वाळू.
एका खुर्चीला ऐंशी किलो:
पासष्ट माणसाचे, पंधरा त्याच्या सामानाचे,
असं कुणीतरी कागदावर ठरवलेलं.
कन्हानची वाळू, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या,
तोंडाला सुतळी.

शालिक उईके गोण्या चढवतो,
आणि खिशातल्या खडूनं प्रत्येकीवर नाव लिहितो.
टीसी. नवरदेव. नवरदेवाचा मामा.
"हा जाडा हाय मॅडम, याले दोन शिटा लागतेत."
एकीवर त्यानं काहीच लिहिलं नाही.
तिला खिडकी दिली.
"ही कोण?"
"असू द्या ना जी. पहिल्यांदाच बसून राह्यली."

मी तोवर डब्याखाली, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत.
चाक गोल असतं, एवढंच शाळेत सांगतात.
ते शंकूही असतं, किंचित उतरतं,
विसाला एक.
म्हणून ते सरळ असं कधी जातच नाही.
डावीकडे सरकतं, जरा जास्तच,
मग उजवीकडे, तेही जास्तच,
मधली रेघ शोधत राहतं झिजेपर्यंत.
साठच्या वेगात ह्या शोधण्याची डुलकी लागते.
एकशे ऐंशीत तेच अंगावर धावून येतं.
माझी सोळा वर्षांची विद्या म्हणजे
तेल भरलेला हा एक दांडा, हाताएवढा,
जो चाकाला म्हणतो,
शोध, पण घाई नको.

"चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीला चाकच नाही,
ही कटकटच नाही," साहिल गजभिये म्हणतो.
मागच्याच महिन्यात लागलाय.
त्याच्या मोबाइलमध्ये ती गाडी
जमिनीपासून वीतभर वर, आवाज न करता जाते,
आणि पोरगा प्रत्येक वेळी श्वास रोखून बघतो.
मीही बघितली. दोनदा.
मग त्याला रूळ दाखवला:
मैलोन्‌मैल जोडलेलं लोखंड,
उन्हात वाढायचं तर कुठे वाढणार?
ते वाढणं आतल्या आत गिळतं.
एखाद्या दुपारी नाही गिळत.

खापरी गेलं. गुमगाव गेलं.
बुटीबोरीचे धुराडे एका ओळीत आले,
ओळ मोडली.
एकशे साठ. एकशे बाहत्तर.
टेबलावर स्टीलचा पेला काठोकाठ,
त्यात फक्त बारीक वर्तुळं.
एकशे ऐंशी.
कुणी टाळी वाजवली नाही. चौबे साहेबांनी
गळ्यातला दुपट्टा काढून घाम पुसला, एवढंच.
सिंदी नुसतं पिवळं दिसलं.

तुळजापूरच्या अलीकडे एका खांबापाशी
पडद्यावरची रेघ उडाली.
शून्य दशांश तीन एक.
तीनच्या वर चालत नाही.
अर्धा सेकंद. मी खांबाचा नंबर वहीत लिहिला.
उद्या तिथे खुशाल मेश्राम पायी जाईल,
डोक्याला ओला गमछा,
उकिडवा बसून रुळाखालची खडी चाचपेल
आणि मला फोन करेल: "पोकळ हाय इथं."
त्याचं बोट माझ्या यंत्राआधी चुकत नाही.

सेवाग्रामला डब्यातून फिरले.
एकशे ऐंशीनं आलेली माणसं
जशी निघाली तशीच बसलेली होती.
फक्त खिडकीतली, बिननावाची,
कलंडून नवरदेवाच्या मामाच्या खांद्यावर टेकलेली,
शिवण जराशी उसवून
सीटवर वाळूची बारीक धार.
कुठे झालं असेल ते मला माहीत होतं.
त्या खुर्चीला वायर लावलेली नव्हती.

अहवालात राइड इंडेक्स येईल, तो बरा आहे.

शालिकनं सुतळीनं शिवण ओढून घेतली,
सांडलेली वाळू मुठीनं परत आत टाकली,
आणि ऐंशी किलो पोटाशी धरून
पलीकडच्या रांगेत नेली.
मी विचारलं नव्हतं.
"वापस जातानी," तो म्हणाला,
"या बाजूनं लय ऊन लागते."